तारेची आस आणि एक लाल डबी

छेडलेल्या तारेचं एक दुःख असतं. नखी लागली त्या क्षणी ती सगळ्यात मोठ्यानं बोलते आणि पुढच्याच क्षणापासून विझायला लागते. गळ्याचं तसं नाही, बासरीचं नाही, सारंगीचं तर नाहीच. श्वास आहे किंवा गज फिरतोय तोवर सूर धरून ठेवता येतो. सतार, वीणा, गिटार यांना ती सोय नाही. म्हणून तर आमच्या मिरजेचे सतारमेकर घोडीवर कानस फिरवत, पुन्हा पुन्हा तार छेडून कान लावत जवारी काढत बसतात. छेडल्यानंतर मागे जो नाद रेंगाळतो त्याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे - आस.

पण आजचा लेख सतारीवर नाही. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या पायाशी ज्या रंगीबेरंगी डब्या पडलेल्या असतात, त्यांतल्या एका डबीवर आहे. तिचं नाव कॉम्प्रेसर. (आमच्या नातेवाईक मंडळींसाठी खुलासा: फ्रिजमधला नव्हे आणि पंक्चरवाल्याकडचा तर मुळीच नव्हे.)

माझा नातू पुण्यात शिकतो आणि गिटार वाजवतो. दिवाळीत आला तेव्हा त्याच्याकडे ही लाल डबी होती. दोन गोल बटणं, एक पायानं दाबायची कळ, बस्स. मी विचारलं, हे काय करतं रे? म्हणाला, "आजी, यानं आवाज सारखा होतो." आता इतिहास शिकवण्यात चौतीस वर्षं घालवलेल्या बाईला एवढ्यावर कसं समाधान वाटणार? आवाज सारखा करायची गरज पहिल्यांदा कोणाला पडली, आणि कशासाठी, हे शोधत बसले. दोन महिने गेले त्यात. म्हणून इथेही शुकशुकाट होता.

आधी ही डबी करते काय ते सांगते. शाळेतलंच उदाहरण घेऊ. समजा, वर्गात कोणाला १०० गुण आहेत, कोणाला ६०, कोणाला ४०. मी नियम केला की ६० च्या वर जे गुण असतील त्यांतल्या दर चार गुणांचा एकच धरायचा. मग शंभरवाल्याचे झाले ७०. साठवाला साठावर, चाळीसवाला चाळीसवर. पहिल्या आणि शेवटच्यातलं अंतर ६० होतं, ते ३० वर आलं. आता सगळ्यांना सरसकट ३० गुण वाढवून दिले की शंभरवाला परत शंभरावर, साठवाला ९० वर आणि चाळीसवाला चक्क ७० वर. कॉम्प्रेसर आवाजाला हेच करतो. ती साठची रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. चारास एक हे प्रमाण म्हणजे रेशो. शेवटी वाढवलेले तीस म्हणजे मेकअप गेन. आवाज रेषा ओलांडल्यावर यंत्र किती चटकन दाबतं तो अटॅक, आणि आवाज खाली आल्यावर किती सावकाश सोडतं तो रिलीज. झालं! हे पाच शब्द कळले की अर्धं काम झालं. (आणि हो, या हिशोबात कोरा पेपर देणाऱ्यालाही ३० गुण मिळाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

गिटारच्या तारेचं यात काय होतं? छेडताना जो ठणका बसतो तो दाबला जातो. मग तार जसजशी विझत जाते तसतसं यंत्र आपला हात सैल करतं, म्हणजे आवाज वर येत राहतो. तार तिच्या गतीनं विझतच असते, तिचं आयुष्य काही वाढत नाही. आपल्याला मात्र वाटतं की सूर टिकून आहे.

आता इतिहास. आणि इथे मला खरी गंमत वाटली, कारण ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांच्या डोक्यात गिटार नव्हतीच.

पहिली गरज पडली टेलिफोनवाल्यांना. १९२७ च्या जानेवारीत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात रेडिओलहरींवरून टेलिफोन सुरू झाला. समुद्रावरून येताना आवाजात इतकी खरखर मिसळायची की हळू बोललेली अक्षरं त्यात बुडून जायची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी त्यावर तोड काढली. पाठवताना हळू आवाज वर उचलायचा, मोठा खाली दाबायचा, म्हणजे सगळंच बोलणं खरखरीच्या वर राहील. पलीकडे पोचलं की उलटी क्रिया करून पुन्हा पहिल्यासारखं करायचं. आधी दाबणं आणि मग फुलवणं, म्हणून नाव पडलं कॉम्पँडर. गिटारच्या डबीत या जोडीतलं पहिलंच अर्धं आहे. दुसरं अर्धं कोणी लावलं नाही, आणि त्याची किंमत काय ते पुढे येईलच.

दुसरी गरज रेडिओवाल्यांची. मीडियम वेव्हवर आवाज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर फाटतो आणि शेजारच्या स्टेशनच्या हद्दीतही घुसतो. म्हणून एक माणूस काट्याकडे बघत, हातात बटण धरून बसलेला असे. गायिकेनं तार सप्तकात झेप घेतली की खाली, कुजबुजली की वर. चांगला इंजिनिअर गाणं आधी पाठ करून यायचा, कारण आवाज येऊन गेल्यावर बटण फिरवून काय उपयोग! १९३७ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकनं हे काम आपोआप करणारा अँप्लिफायर बाजारात आणला आणि त्या माणसाच्या हाताला विसावा मिळाला. मला लहानपणीचं रेडिओवरचं क्रिकेट आठवतं. समालोचक बोलत असले की मैदान शांत वाटायचं आणि ते थांबले रे थांबले की गर्दीचा गलका समुद्रासारखा वर यायचा. तेव्हा वाटे, लोक त्यांना मान देऊन गप्प बसतात. तो अशाच एखाद्या यंत्राचा प्रताप असणार.

तिसरी गरज तबकडीवाल्यांची. मोठा आवाज म्हणजे खोबणीचं मोठं वळण, आणि वळण फार मोठं झालं तर ऐकताना सुई उडते. यासाठी एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा या इंजिनिअरानं अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेअरचाइल्ड ६६० आणि ६७० ही यंत्रं तयार केली. ६७० मध्ये वीस व्हॉल्व्ह होते आणि वजन होतं जवळजवळ तीस किलो! मूळ काम काय, तर सुईचं रक्षण. पण लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ६६० च्या पोटातून १९६६ साली बीटल्सच्या रिंगो स्टारचा ड्रम गेला आणि तो असा काही घुमला की लोक अजून त्या आवाजाच्या मागे आहेत.

पण माझं मन जडलं ते चौथ्या माणसावर. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावचा जिम लॉरेन्स. रेडिओ स्टेशनवर काम करताना सारखं बटण फिरवून वैतागलेला. त्याआधी त्यानं प्रकाश ओळखणाऱ्या उपकरणांवर काम केलं होतं, तेही क्षेपणास्त्रांच्या कार्यक्रमासाठी. त्यानं काय केलं, तर एका बंद डबीत एक चकाकणारी पट्टी ठेवली आणि तिच्यासमोर प्रकाशानं ज्याचा विरोध बदलतो असा एक तुकडा. आवाज वाढला की पट्टी उजळते, पट्टी उजळली की तो तुकडा आवाज खाली ओढतो. बस्स, इतकंच. भर उन्हातून आपण एकदम माजघरात आलो की काही वेळ काहीच दिसत नाही, मग हळूहळू फडताळ दिसतं, पाटा दिसतो, तसं या तुकड्याचं आहे. जितका वेळ उजेडात राहिला तितका सावरायला जास्त वेळ घेतो. म्हणून त्याचं दाबणं-सोडणं कानाला खुपत नाही. १९६० च्या दशकात आलेलं हे यंत्र म्हणजे टेलिट्रॉनिक्स एलए-२ए.

आता गिटार येते. १९६५ चा जानेवारी, हॉलिवूडमधला कोलंबियाचा स्टुडिओ. बर्ड्स नावाचं एक नवं टोळकं आलं होतं, त्यातला मॅग्विन बारा तारांची रिकनबॅकर गिटार वाजवायचा. तिथले ध्वनिमुद्रक रे गेरहार्ट यांना या पोरांच्या दणदणाटात आपली महागडी यंत्रं बिघडायची धास्ती! म्हणून ते सगळ्या वाद्यांवर कॉम्प्रेसर लावून ठेवायचे. मॅग्विननं नंतर मुलाखतींतून सांगितलंय की ही गिटार एरवी ठक्कन वाजते आणि संपते, पण या भीतीपोटी लावलेल्या यंत्रातून ती घंटेसारखी झंकारायला लागली. त्यांना ते इतकं आवडलं की एकामागोमाग दोन कॉम्प्रेसर जोडले आणि गिटार थेट मिक्सरमध्ये घातली. ‘मिस्टर टँबुरिन मॅन’ हे बॉब डिलनचं गाणं त्यांनी असं केलं आणि ते त्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

इथे आपला एक धागा आहे. बर्ड्स मंडळी सुरुवातीला तालीम करायची ती वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत. पंडित रविशंकरांच्या तबकड्या काढणारी वर्ल्ड पॅसिफिक ती हीच. १९६५ च्या अखेरच्या दौऱ्यात तर त्यांच्या गाडीत रविशंकर आणि जॉन कोल्ट्रेन यांचीच टेप फिरत होती. त्यातून १९६६ चं ‘एट माइल्स हाय’ झालं. कोल्ट्रेन सॅक्सोफोनवाला, म्हणजे श्वासाचा धनी. त्याच्यासारखे लांब सूर मॅग्विनला तारेवर हवे होते आणि ते मिळाले कॉम्प्रेसरमुळे. सतारीला जी आस घोडी आणि तरफा मिळून देतात, ती इथे विजेकडून मागून घेतली, असं मला ते ऐकताना वाटलं. नातू म्हणतो, आजी ओढूनताणून जोडतेय. असो.

पण हे सगळं स्टुडिओतलं. व्हॉल्व्हचं धूड खांद्यावर टाकून कोण गावोगाव फिरणार? १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टर आणि चिप आल्या आणि यंत्र मुठीत मावलं. न्यूयॉर्कच्या डॅन आर्मस्ट्राँग यांचा ऑरेंज स्क्वीझर निघाला, तो सरळ गिटारच्या भोकातच खुपसायचा. त्याला फिरवायला बटण नाही, फक्त चालू-बंद. आणि कोडॅक कंपनीच्या रॉचेस्टर गावात कीथ बार आणि टेरी शेरवूड या दोन शाळूसोबत्यांनी एमएक्सआर कंपनी काढली. त्यांचा डायना कॉम्प म्हणजे आमच्या घरी आलेली ती लाल डबी. आत आरसीएची सीए ३०८० ही चिप, बाहेर नऊ व्होल्टची बॅटरी, वर दोन बटणं: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. रेषा किती, प्रमाण किती, अटॅक किती, हे सगळं त्यांनी आतच ठरवून टाकलं. वाजवणाऱ्यानं फक्त दोनच गोष्टी बघायच्या, किती दाबायचं आणि बाहेर किती सोडायचं. शिक्षकी पेशातली असल्यामुळे मला हे फार पटलं. पाचवीच्या मुलाच्या हातात लॉगटेबल देत नाहीत.

एमएक्सआर १९८४ मध्ये बुडाली, नाव पुढे जिम डनलॉपनं घेतलं आणि लाल डबी आजही निघते. बार यांनी दुसरी कंपनी काढली, अलेसिस. २०१० मध्ये ते गेले. जपानच्या बॉस कंपनीनं १९७८ मध्ये सीएस-१ काढला, त्यांचा १९८६ चा निळा सीएस-३ दुकानांत सगळीकडे दिसतो. कॅन्ससच्या बड रॉस यांचा करडा रॉस कॉम्प्रेसर तर पुढे दुर्मीळ झाला आणि त्याच्या नकला निघाल्या. (हे रॉस म्हणजे गाडीच्या सीटसारखी गादी शिवलेले अँप्लिफायर विकणारे गृहस्थ. फोटो बघा, सोफाच वाटतो.)

या डबीचं सोनं कोणी केलं विचाराल तर मी लॉवेल जॉर्जचं नाव घेईन. लिटल फीट या बँडचा हा गायक आणि गिटारवादक करंगळीत स्पार्क प्लग खोलायचा लोखंडी पाना घालून तारेवरून घसरवायचा! त्यानं सूर गळ्यातल्यासारखा वाकतो, मिंड येते. पण मिंड घ्यायची तर तोवर सूर जिवंत पाहिजे ना. तार अर्ध्या वाटेत विझली तर पुढची घसरण मुकी. कॉम्प्रेसरनं तो पूल बांधून दिला. १९७८ चं ‘वेटिंग फॉर कोलंबस’ हे त्यांच्या जाहीर कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर ऐका. पुढच्याच वर्षी, जून १९७९ मध्ये, तो चौतिसाव्या वर्षी गेला.

नॅशव्हिलच्या कंट्री संगीतवाल्यांनी मात्र हीच डबी नेमकी उलट्या कामाला लावली. ते लांब सुरासाठी वापरत नाहीत. भराभर तुटक स्वर वाजवताना एकही मागे पडू नये, सगळे एका उंचीचे मोत्याच्या सरीसारखे यावेत, म्हणून वापरतात.

आता किंमत. तो कोरा पेपर देणारा आठवतो ना, ज्याला फुकट तीस मिळाले? गिटारमध्ये तो म्हणजे विजेची घुंई आणि तारांची खसखस. वाजवणं थांबलं की कॉम्प्रेसर हात सैल करतो आणि ही घुंई फुगून वर येते. टेलिफोनवाल्यांनी पलीकडे उलटी क्रिया ठेवली होती, त्यात शांतता परत शांत व्हायची. इथे ती नाही.

दुसरी किंमत जास्त मोठी आहे. मला ती कळते याचं कारण गिटार नाही. तीन वर्षांपूर्वी मला कानाचं यंत्र लागलं. ते बसवणाऱ्या बाई संगणकावर आकडे भरत होत्या आणि त्यांच्या तोंडी थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज! तेव्हा काहीच उमगलं नव्हतं. नातवानं डबी समजावली तेव्हा पेटला उजेड डोक्यात. म्हातारपणी कान जातो म्हणजे सरसकट सगळं कमी होत नाही. हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे पूर्वीइतकेच मोठे लागतात. वाडा विकून दोन खोल्यांत संसार मांडावा तसं होतं, सामान तेवढंच आणि जागा अर्धी. जुन्या साध्या यंत्रांत सगळंच सारखं वाढायचं, म्हणून भांडं पडलं की कपाळात घण बसे. आताची यंत्रं कॉम्प्रेसरच आहेत. हळू ते जास्त वाढवतात, मोठं ते कमी.

पहिल्या आठवड्यात फ्रिज आणि पंखा मला समालोचनातल्या गर्दीसारखे ऐकू येत. धाकट्या नातीचं कुजबुजणं मात्र पाच वर्षांनी कानावर पडलं, तेव्हा फ्रिजला माफ केलं.

पण रात्री भीमसेनजींचा विलंबित ख्याल लावला तर काहीतरी हरवल्यासारखं वाटे. खर्जातली ती अगदी हळू सुरुवात आणि पुढची गर्जना, दोन्ही एकाच अंतरावर उभी. वर्ग गोंगाट करायला लागला की मी आवाज चढवत नसे, उतरवत असे. मग पोरं आपोआप गप्प होऊन कान टवकारायची. कॉम्प्रेसर लावलेल्या वर्गात ही युक्ती चालणार नाही, कुजबूज आणि दरडावणी एकाच मापात येणार. नातवाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, म्हणून तर डबीला पायाची कळ आहे, हवं तिथे बंद करायचं. माझ्याही यंत्रात मग त्या बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला, त्यात दाबणं कमी आहे. भीमसेनजी थोडेफार परत आले. पूर्ण नाही.

ज्यांच्या घरी गिटारवाली मुलं आहेत त्यांच्यासाठी नातवाकडून शिकलेलं थोडं सांगते. डबी साधारणपणे गिटारच्या लगेच पुढे, आवाज फाडणाऱ्या डब्यांच्या आधी लावावी. नंतर लावली तर ती फाटलेल्या आवाजातली घुंईच जास्त उचलते. फाटलेला आवाज तसाही स्वतःच दबलेला असतो, तिथे आणखी दाबून फारसं हाती लागत नाही. दाबण्याचं बटण आधी अगदी कमीवर ठेवून एक स्वर छेडावा आणि तो विझेपर्यंत ऐकावा, मग थोडं वाढवून पुन्हा ऐकावा. ठणका मेल्यासारखा वाटला की जास्त झालं. अटॅकचं बटण असेल तर दाबणं जरा उशिरा सुरू होईल असं ठेवावं, म्हणजे नखीचा पहिला टणत्कार सुटून जातो आणि मागचं शेपूट तेवढं उचललं जातं. मात्र काही डब्यांवर हे बटण उलटं चालतं, म्हणून कानानंच खात्री करावी. आणि डबी चालू असताना व बंद असताना आवाजाची पातळी सारखी राहील असं आउटपुट लावूनच तुलना करावी. कानाला मोठं ते नेहमी चांगलं वाटतं, दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं.

आणि वाजवून झालं की डबीतून गिटारची वायर काढून ठेवायला सांगा. वायर आत राहिली की कळ बंद असली तरी आतली बॅटरी उतरत राहते.